दोन सेकंदांचा हिशेब

संपादक महोदय,

‘मी सगळ्या मुलांना सारखंच वागवतो, मला पूर्वग्रह टाळण्याचं प्रशिक्षण कशाला?’ असं विचारणारं एका शिक्षकांचं पत्र आपल्या सदरात वाचलं. वाक्य ओळखीचं वाटलं. २६ वर्षं विज्ञान शिकवताना मीही ते कितीदा तरी म्हटलं आहे. खोटं बोलत नव्हतो, फक्त कधी मोजून पाहिलं नव्हतं.

मोजलं ते माझ्या एका सहकारी बाईंनी. घड्याळ आणि वही घेऊन त्या माझ्या तासाला मागच्या बाकावर बसल्या. प्रश्न विचारल्यावर मी कुणासाठी किती सेकंद थांबतो, एवढंच लिहीत होत्या. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात; हुशार समजलेल्या मुलांसाठी जवळपास दोन, कच्च्या समजलेल्यांसाठी एकाहूनही कमी. आपलं काही तसं नसणार, या खात्रीनं मी बाईंना ‘या की’ म्हणालो होतो.

तास संपल्यावर त्यांनी वही पुढे केली. पहिल्या बाकांवरच्या मुलांपुढे तीन, चार असे आकडे. खिडकीजवळच्या एका मुलापुढे तीनदा शून्य. त्यानं तोंड उघडण्याआधीच ‘बरं, तू सांग’ म्हणत मी शेजारच्याकडे वळलो होतो. तेही अगदी मायेनं! बिचाऱ्याची फजिती नको, असं मनात असायचं.

मला स्वतःला थांबणारे शिक्षक मिळाले. थोरला भाऊ त्याच शाळेत पहिला यायचा. मी अडखळलो की ‘याला येतंय, आठवतोय’ असं धरून चालायचे. अभ्यास मी केला, ते कुणी हिरावून घेत नाही. पण ते दोन सेकंद भावाच्या पुण्याईवर मिळालेले होते, हे कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

निवृत्तीनंतर दोन वर्षं एका रुग्णालयाच्या चौकशी खिडकीत बसलो. तिथे घड्याळही लागलं नाही, माझ्या तोंडची सर्वनामंच पुरेशी होती. इस्त्रीचे कपडे, हातात फाइल, सफाईदार बोलणं असलं, की ‘बसा, बघतो’. चुरगळलेला कागद घेऊन कुणी चाचरत आलं, की ‘काय पाहिजे तुला?’ शेजारच्या खुर्चीवरची मुलगी एकदा हळूच म्हणाली, ‘काका, ते तुमच्याहून मोठे असतील.’ कान तापले. तेव्हापासून सरसकट ‘तुम्ही’, दहा वर्षांच्या पोरालाही. लोक हसतात, हसोत.

खरी गंमत पुढेच. ती मुलगी तिथे चार वर्षं होती आणि कामही मला तिनंच शिकवलं. पण माझ्या पहिल्याच आठवड्यापासून लोक तिला ओलांडून माझ्याकडे यायचे, ‘साहेब, तुम्हीच सांगा’. मी तिला विचारायचो, ती सांगायची, मी ते त्यांना सांगायचो. ते मलाच धन्यवाद देऊन जायचे. पांढऱ्या केसांचं हे माप मी काही महिने बिनतक्रार घेतलं.

पत्रलेखकाचं एक मला पटतं. दिवसभराचं व्याख्यान, शेवटी प्रमाणपत्र, आणि ‘मनातले पूर्वग्रह काढून टाका’ हा उपदेश, यातून काही हाती लागत नाही. मन असं सांगून ऐकत नाही, पण कामाची रीत बदलता येते. उत्तरपत्रिकेवरच्या नावाचा कोपरा तपासण्याआधी दुमडायचा. प्रश्न विचारून मनात तीन मोजायचे. तीन सेकंद थांबलं तर एरवी गप्प राहणारी मुलंही बोलतात, हे रो यांना दिसलंच होतं.

वर्गातल्या खिडकीजवळच्या त्या मुलाचं सांगायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात मी त्याला विचारलं, वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोचतो तेव्हा त्याचं त्वरण किती? तीन मोजून झाले, चार झाले, वर्ग चुळबुळायला लागला. मग तो म्हणाला, ‘शून्य, सर. तिथे तो थांबतो ना?’ उत्तर चूक. तिथे वेग शून्य होतो, त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, नाही. पण हा फरक मी कधी नीट उलगडलाच नव्हता. मी विचारलं, ‘अजून कुणाकुणाला शून्य वाटतं?’ २१ हात वर आले. त्यातले दोन पहिल्या बाकावरचे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षक