१०८ चं बोअर आणि ४२.६७ चा बॉल

प्रिय पश्या,

परवा फोनवर मला गोल्फचा नाद लागलाय म्हटल्यावर तू जे हसलास ते अजून कानात आहे. "गोल्फ? तू? अंबडच्या फॅक्टरीत शिफ्ट करणारा माणूस?" असं म्हणून दोन मिनिटं हसत बसलास आणि मग तुझी मीटिंग आली, मला उत्तर द्यायला चान्सच नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं टाकलं असतं तर अर्ध वाचून अंगठा पाठवला असतास, म्हणून मेल करतोय, नीट वाच.

आपल्या नाशिककरांचा गोल्फशी संबंध म्हणजे गोल्फ क्लब ग्राउंड, हे मान्य. बोर्डावर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं लिहिलंय पण रिक्षावाल्याला ते नाव सांगून बघ, तो म्हणेल गोल्फ क्लब म्हणा ना सरळ. तिथे आपण रणजीच्या मॅच बघितल्या, पहाटे पोट कमी करायला चाललो (तुझं झालं नाही), पण गोल्फ खेळणारा माणूस एकही बघितला नाही. मीही खरी काठी हातात धरलेली नाही. मी बोलतोय ते टीव्हीवरच्या आणि मोबाईलवरच्या गोल्फबद्दल.

तुला आठवतं का, तुमच्या पंचवटीतल्या घरी तो टीव्ही गेमचा डबा होता, ९९९९ इन वनची पिवळी कॅसेट, त्यात खरे गेम वीस-पंचवीसच, बाकी सगळे तेच तेच फिरवून. त्या लिस्टमध्ये गोल्फ होतं. आपण चुकून लावायचो, एक मिशीवाला माणूस उभा, खाली एक पट्टी, बटण दाबलं की पट्टीवर काहीतरी सरकायचं, आपण घाबरून परत दाबायचो आणि बॉल पाण्यात. मग तू रिसेट मारायचास आणि काँट्रा लावायचास, तो गोळ्या झाडायचा गेम. आता इतक्या वर्षांनी मला कळलं की आपण काय चुकत होतो. तिथे तीनदा दाबायचं असतं. पहिल्यांदा दाबलं की काटा निघतो, दुसऱ्यांदा दाबशील तिथे ताकद ठरते, मग काटा उलटा परत येतो आणि खुणेवर बरोब्बर तिसऱ्यांदा दाबलं तर बॉल सरळ जातो, नाहीतर डावीकडे उजवीकडे. बस. १९८४ चा गेम आहे तो, निन्टेन्डो या जपानी कंपनीचा, आणि लिहिला कोणी माहितीये का, सातोरू इवाता यांनी, जे पुढे त्याच कंपनीचे प्रेसिडेंट झाले. तेव्हा लोक म्हणत होते की अठरा होल, म्हणजे बॉल घालायचे अठरा खड्डे, एवढ्याशा मेमरीत बसणारच नाहीत, तर या माणसाने स्वतः डेटा दाबून दाबून बसवले. (आपल्याकडे लग्नाला जाताना एका ओम्नीत अकरा जण बसायचो तसं.) ते २०१५ मध्ये ११ जुलैला वारले, आणि २०१७ मध्ये लोकांना सापडलं की निन्टेन्डोच्या स्विच नावाच्या गेमच्या मशीनमध्ये तोच गेम लपवून ठेवला होता, ११ जुलैलाच आणि त्यांच्यासारखी हातांची ॲक्शन केली तरच उघडणारा. मला हे वाचून जरा भरूनच आलं, आपण त्या माणसाच्या गेमवर किती वेळा रिसेट मारलाय.

तर मुद्दा. मजा त्या तीन बटणांत आहे आणि हे मी क्वालिटीवाला म्हणून सांगतोय. काटा वर जातो तेव्हा हाव असते, अजून थोडं, अजून थोडं, आणि काटा परत येतो तेव्हा भीती. एका सेकंदात दोन्ही. आणि ती जी खूण आहे ना, ती सरळसरळ टॉलरन्स आहे, म्हणजे माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ती सूट. आपल्याकडे ड्रॉइंगवर टॉलरन्स फार टाईट दिला की सगळं रिजेक्ट होतं आणि ऑपरेटर वैतागून सोडून देतो, फार लूज दिला की काहीही पास होतं आणि मग इन्स्पेक्शनला अर्थ काय. चांगल्या गोल्फ गेमवाल्याने हा आकडा पकडलेला असतो. इतका की दहातले सहा फटके बरे जावेत, एक झकास जावा आणि उरलेले तीन चुकले तर आपल्याला आतून माहीत असावं की आपणच चुकलो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. बॉल झाडात गेला आणि मी मशीनला शिव्या घातल्या तर तो गेम मी दोन दिवसांत डिलीट करतो. मी स्वतःला शिव्या घातल्या तर रात्रीचा एक वाजतो.

भाचा आलाय सुट्टीला, त्याच्याकडे पीजीए टूर २के२३ हा गोल्फचा गेम आहे, त्यात काट्याची पद्धत पण आहे आणि जॉयस्टिकची काडी मागे ओढून पुढे ढकलायची पद्धत पण. तो म्हणतो मामा काडीनेच खेळ, खरं वाटतं. वाटतं खरं, ताल लागला की हाताला छान लागतं, पण चुकलं की कुठे चुकलं ते मला कळत नाही, अंगठा वाकडा गेला, हळू गेला, काय झालं. मला रीडिंग दिसायला लागतं रे. रीडिंगशिवाय रिजेक्शन मला पटत नाही. तो मात्र माझ्यापेक्षा चांगला खेळतो, हे इथेच राहू दे.

आणि फटका मारल्यानंतरचं. क्रिकेटच्या गेममध्ये बॉल गेला की लगेच पळायचं, पुढचं काहीतरी दाबायचं. गोल्फमध्ये बॉल हवेत असतो तेव्हा हातात काहीच नसतं. तीन-चार सेकंद नुसतं बघायचं. विटीदांडूत कोली उंच गेल्यावर सगळे मान वर करून गप्प व्हायचे, तसं. कोण झेलतोय, कोण नाही. काही गेममध्ये बॉल हवेत असताना बटण दाबून स्पिन देता येतो, ते मला अजिबात आवडत नाही, सोडला तो सोडला.

पटिंगचं, म्हणजे होलजवळ आल्यावर बॉल हळूच ढकलून आत घालण्याचं, तर विचारू नकोस. गोल्फचा होल १०८ मिलिमीटरचा आणि बॉल ४२.६७ मिलिमीटरचा, त्याहून लहान चालत नाही असा नियमच आहे. मी हे वाचून हसलोच. अरे एकशेआठच्या बोअरमध्ये, म्हणजे भोकात, बेचाळीसचा पीस, पासष्ट मिलिमीटर क्लिअरन्स, म्हणजे मोकळी जागा, आमच्याकडे असा पार्ट कुणी दाखवला तर चहा पिऊन घरी जाऊ! आणि तरी चार फुटांवरून जात नाही. कारण जमीन उताराची असते, आणि चांगला गेम तो उतार दाखवतो पण किती ते सांगत नाही. बाण दाखवतो, जाळी दाखवतो, हिशोब तुझा. जे गेम सरळ रेघ काढून देतात की बॉल इथून इथे जाणार, त्यात मग आपण करायचं काय, रेघेवर सही?

एक वाईट अनुभव पण झाला. मोबाईलवर एक ऑनलाईन गोल्फचा गेम टाकला होता, नाव नको, समोर कुठलाही अनोळखी माणूस येतो आणि एक-एक होलचा सामना. सुरुवातीला जाम आवडला. मग हळूहळू कळलं की समोरच्याकडे पैशाने घेतलेले भारी बॉल आहेत आणि त्याच्यावर वारा कमी लागतो. वारा कमी लागतो, कळतंय का? मी महिनाभर वाऱ्याचा हिशोब शिकलो आणि याने वाराच विकत घेतला. त्यात मी पण एकदा एकशे एकोणपन्नास रुपये घातले, वहिनीला सांगू नकोस, ती हिला सांगेल. वर कसारा घाटात रेंज गेली की सामना हरल्यात जमा. काढून टाकला.

त्याच घाटात मला खरा गेम सापडला. डेझर्ट गोल्फिंग, २०१४ चा, जस्टिन स्मिथ म्हणून एकाने केलाय. नेट लागत नाही. वाळवंट, एक पांढरा ठिपका, एक खड्डा, बोट मागे ओढायचं आणि सोडायचं, बेचकीसारखं. म्युझिक नाही, मेनू नाही, पार (इतक्या फटक्यांत काढ असा ठरलेला आकडा) नाही, वारा नाही. बॉल खड्ड्यात गेला की स्क्रीन सरकते, पुढचा खड्डा. संपतच नाही. आणि वर एकच आकडा, आत्तापर्यंतचे एकूण फटके. रिस्टार्ट नाही रे त्यात! एका टेकाडावर माझे एकतीस फटके गेले, बॉल वर चढायचा आणि तसाच घरंगळत पायाशी, ते एकतीस त्या आकड्यात कायमचे बसले. आमच्या भाषेत रिवर्क नाही, म्हणजे परत दुरुस्ती नाही, झालं ते झालं, लॉट पुढे. पहिले दोन दिवस मला हे सहन होईना, वाटलं डिलीट करून परत पहिल्यापासून खेळावं. केलं नाही. आता तर त्या टेकाडाची आठवण येते. उशिरा कधीतरी एखादा निवडुंग दिसतो तर बसमधल्या शेजाऱ्याला दाखवावासा वाटतो, मी एकदा दाखवला पण, त्याने सरकून बसायला जागा दिली फक्त.

सेकंड शिफ्ट संपली की घरी येऊन जेवायच्या आधी दहा खड्डे, असं सध्या चाललंय. ही म्हणते दिवसभर मोजमाप करता आणि रात्री पण तेच. बरोबर आहे तिचं, पण इथे कुणी सही मागत नाही.

दिवाळीत येशील तेव्हा काकूंना विचारून ठेव तो डबा आहे का माळ्यावर, ॲडॉप्टर माझ्याकडे आहे. मिशीवाल्या माणसाचा पहिला होल आपण दोघांनी नीट तीनदा बटण दाबून काढायचाय, आणि तोपर्यंत रिसेटचं बटण मी चिकटपट्टीने बंद करून ठेवणार आहे. डेझर्टवालं आजच घे. मी सहाशे बाराव्या खड्ड्यावर आहे, फटके सतराशे नव्वद. तुझे कळव, आणि खोटं सांगू नकोस, स्क्रीनशॉट पाठव.

तुझाच,
बाळ्या