गंगापूर धरणावर शिडाच्या होड्या कधी दिसणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात धरणातल्या बोटिंगबद्दल अधूनमधून छापून येतं, कधी पर्यटन वाढेल म्हणून तर कधी पिण्याच्या पाण्यात डिझेल सांडेल म्हणून, आणि दरवेळी वाचताना मला वाटतं की अहो, इंजिनाशिवायपण बोट चालते की, शेकडो वर्षं चालतेय. यावेळी म्हटलं लिहूनच टाकू. मी बँकेत नोकरी करते, वय 52, पोहता येतं पण बेताचंच, तलावावर चार लॅप झाल्या की काठ धरते. आणि दीड वर्षापूर्वीपर्यंत मला शिडाच्या बोटीतलं ओ की ठो कळत नव्हतं.

झालं असं की माझा पुतण्या मुंबईत एका यॉट क्लबचा मेंबर आहे. आता यॉट क्लब म्हटलं की पांढरी पँट, हातात ग्लास आणि इंग्रजी हसणं हेच माझ्या डोळ्यासमोर यायचं, आणि त्यात आपली चूक नाही, रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 सालचा, साहेबांनी साहेबांसाठी काढलेला, त्यामुळे तो वास त्या शब्दाला अजून आहे. पण हा म्हणाला, काकू, आमचा साधा कारभार आहे, जानेवारीत ग्रुप क्रूझ आहे, एक सीट रिकामी आहे, चल. क्रूझ म्हटल्यावर मला वाटलं जहाजावर बुफे वगैरे असेल. निघालं काय, तर पाच छोट्या शिडाच्या बोटी, मिळून 23 माणसं, मांडव्याच्या बाजूला जायचं, रात्री नांगर टाकून बोटीतच झोपायचं आणि रविवारी परत. बुफे म्हणजे मी नाशिकहून नेलेला चिवडा.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट आधी सांगते. त्या 23 जणांत स्वतःची बोट असलेले पाचच होते. बाकी सगळे क्रू. कोणी दाताचे डॉक्टर, कोणी कॉलेजची पोरं, एक रिटायर्ड शिक्षिका. ज्याची बोट आहे त्याला दोऱ्या ओढायला माणसं लागतात आणि ज्यांच्याकडे बोट नाही त्यांना बोट लागते, असा तो हिशोब, खर्च वाटून घ्यायचा. माझ्या वाट्याला 1800 रुपये आले. म्हणजे बोट विकत घ्यायला पाहिजे असं काही नाही, हे मला तोपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं.

आदल्या रात्री सगळ्यांना बसवून अर्धा तास सूचना दिल्या. पुढे कोणती बोट, शेवटी कोणती, मधल्यांनी दोघींच्या मध्येच राहायचं, वेग सगळ्यात हळू बोटीचा, वायरलेसवर 16 नंबरचं चॅनल कायम कानावर ठेवायचं पण त्यावर गप्पा मारायच्या नाहीत कारण ते संकटासाठी आहे, मोठ्या जहाजांच्या मार्गात रेंगाळायचं नाही, त्यांना ब्रेक नसतो. हे ऐकताना मला हसू आलं कारण आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमध्ये हुबेहूब हेच असतं, पुढे लीड, मागे स्वीप, आणि स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही. हरिहर गडाच्या पायऱ्या असोत नाहीतर खुला समुद्र, नियम तोच.

शनिवारी दुपारी निघालो. मला पुढच्या शिडाच्या दोरीवर बसवलं. कप्तान ओरडला, शीट ओढा! मी इकडेतिकडे चादर शोधतेय. मग कळलं की शीड फिरवायच्या दोरीलाच शीट म्हणतात, कापडाला नाही. पुढे वारा पाठीमागून आला तेव्हा त्यांनी मोठं शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला घेतलं, त्याच्या खालचा जो आडवा दांडा असतो ना, बूम, तो एवढ्या जोरात फिरतो की वाकायच्या आत माझा चष्मा गेला पाण्यात. सगळे ओरडत होते, डोकं, डोकं! मला वाटलं कोणाचं डोकं दुखतंय. चष्म्याला दोरी बांध असं पुतण्याने सकाळीच सांगितलं होतं, मीच म्हटलं राहू दे रे, तेव्हा दोष माझाच. चष्म्याशिवाय मांडवा फारच सुंदर दिसलं.

रविवारी सकाळी जमिनीवरून गार वारा येत होता, मतलई वारा, शाळेत भूगोलात खारे वारे मतलई वारे पाठ केलेले, पण ते अंगावर कधी घेतले नव्हते. छान चाललो होतो आणि अकराच्या सुमाराला तो वारा मेलाच. शिडं ओल्या टॉवेलसारखी लोंबायला लागली. पाच बोटी पाण्यावर नुसत्या उभ्या, ऊन चढलेलं, आणि एकानेही इंजिन लावलं नाही कारण पुढच्या बोटीवरून निरोप आला की अर्धा तास वाट बघू, जमीन तापली की समुद्रावरून वारा सुटेल. आणि सुटला हो. लांबून पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसतो, तो वारा. पण तो नेमका आम्हाला जायचं होतं तिकडूनच, म्हणजे तोंडावर. शिडाची बोट सरळ वाऱ्याच्या तोंडात जाऊ शकत नाही, साधारण 45 अंशांचा कोन ठेवून तिरकं जायचं, मग वळून दुसरीकडे तिरकं, असं करत करत पुढे. कसाऱ्याचा घाट गाडी सरळ चढत नाही तसंच. हे मी बोलून दाखवलं तर कप्तान म्हणाला, नाशिककरांना टॅकिंग शिकवायची गरजच नाही.

आता नाशिकवर येते. आपल्याकडे पाण्याला तोटा आहे का? गंगापूर धरण 5630 दशलक्ष घनफुटांचं, शिवाय काश्यपी, दारणा, मुकणे, वैतरणा. दारणा तर 1916 चं, इंग्रजांच्या काळातलं. यातलं पाणी जायकवाडीला किती सोडायचं यावर आपण दरवर्षी भांडतो, पण ते असतं तेव्हा त्याच्यावर करतो काय, तर काठावर गाडी लावून भजी खातो आणि सेल्फी काढतो. बरं, माणसं नाहीत म्हणावं तर दत्तू भोकनळ चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, जिथे प्यायच्या पाण्याची मारामार, तो 2016 ला रिओ ऑलिंपिकला एकट्याने वल्ही मारत 13 वा आला आणि 2018 च्या एशियाडला टीममधून गोल्ड घेऊन आला. पण त्याला होडी दिली ती सैन्याने. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा बायका तारिणी नावाच्या शिडाच्या बोटीतून पृथ्वीला चक्कर मारून आल्या, बोट जेमतेम 55 फुटांची. हे आपण टीव्हीवर बघतो, टाळ्या वाजवतो, आणि आपल्या पोरीला धरणाच्या काठापासून चार हात लांब उभं करतो.

लांब उभं करतो त्याला कारण आहे, ते मी नाकारत नाही. दरवर्षी कोणी ना कोणी बुडतं. मी स्वतः आपल्याच जिल्ह्यातल्या एका धरणावर मोटरबोटीत बसले होते, जागेचं नाव लिहित नाही, तिथे मला दिलेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, त्या मुलाने ते सुतळीने बांधून दिलं आणि म्हणाला, ताई काही होत नाही. सुतळीने! मुंबईच्या त्या क्रूझला निघण्याआधी प्रत्येकाचं जॅकेट तपासलं होतं आणि ते कसं, तर घालून बक्कल लावायचं आणि मग दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत सरकलं तर ते तुमच्या मापाचं नाही, पाण्यातपण तसंच सरकणार आणि तुमचं तोंड आत जाणार. दहा सेकंदांचं काम. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या वेळी कुठेही बोटीत बसताना एवढं करून बघावं, आणि सरकलं तर उतरावं, पैसे गेले तरी चालतील. दुसरं म्हणजे छोटी शिडाची बोट उलटते, ते गृहीतच धरलेलं असतं, म्हणून शिकवताना पहिल्याच दिवशी ती मुद्दाम उलटवतात. खालून जी फळी बाहेर आलेली असते तिच्यावर वजन टाकलं की बोट परत उभी राहते. नाही राहिली तर बोट धरून थांबायचं, काठ जवळ वाटला तरी पोहत सुटायचं नाही, कारण काठ वाटतो तेवढा जवळ कधीच नसतो.

मला जे म्हणायचंय ते एवढंच की धरणावर शिडाच्या आणि वल्ह्याच्या बोटींचा एक साधा क्लब होऊ द्या. शिडाला डिझेल लागत नाही, आवाज नाही, पाण्यावर तेलाचा तवंग नाही. हां, मदतीसाठी एक मोटरबोट काठावर तयार ठेवावीच लागेल, त्यात लपवाछपवी नको, पण एक कुठे आणि दिवसभर घरघर करणाऱ्या दहा कुठे. याबद्दल विचारायला मी एका सरकारी ऑफिसात चार वेळा गेले. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा फाइल दुसऱ्या खात्याकडे, तिसऱ्यांदा ते दुसरं खातं म्हणालं पाणी आमचं पण बोट आमची नाही, आणि चौथ्यांदा एका भल्या माणसाने चहा पाजून विचारलं, मॅडम, पण शिडाची बोट म्हणजे नक्की काय? त्यांच्यासाठी मी कागदावर चित्र काढून दिलंय, ते फाइलला लावलंय म्हणे.

आणि बोटी लगेच पाहिजेतच असंही नाही. नाशिकमध्ये सायकलिंग कसं वाढलं? आधी चार लोक रविवारी सकाळी एकत्र निघायचे, मग चाळीस झाले. 2015 ला डॉक्टर महाजन बंधू अमेरिकेची ती रॅम रेस, अख्खा देश आडवा पार करायची, सायकलवर पूर्ण करून आले ते याच गावातून. सगळ्यांनी सुरुवात एकट्याने नाही, ग्रुपने केली. तसंच पहिलं वर्षभर दहा-बारा जणांनी मुंबईच्या क्लबांबरोबर क्रू म्हणून जावं, ऑक्टोबर ते मे त्यांचा सीझन असतो, पावसाळ्यात बंद, आपल्याला पंचवटीने जाता येतं. कॉलेजच्या मुलांना पाठवावं, मुलींना आधी. एका वर्षात आपल्याकडे दोरी कुठली ओढायची हे कळणारी दहा माणसं असतील, मग दोन वापरलेल्या बोटी घेता येतील. लहान मुलांसाठी ऑप्टिमिस्ट म्हणून आठ फुटांच्या आत बसणारी टबासारखी बोट असते, एक मूल एक शीड, ती रिक्षाच्या टपावर पण जाईल, म्हणजे पोलिसांनी पाहिलं नाही तर.

धरणात जाळी लावणारे जे आसपासच्या गावातले लोक आहेत त्यांना यातून वगळून काही करू नये असं मात्र मला वाटतं. त्यांना खडक कुठे, गाळ कुठे, दुपारी डोंगरावरून वारा कुठल्या कोपऱ्यात उलटा फिरतो हे सगळं माहीत असतं, मी बॅकवॉटरला एका आजोबांशी बोलले तर त्यांनी बोटाने दाखवून दिलं की उन्हाळ्यात तिथे जाऊ नका, जुन्या विहिरीचं तोंड आहे. मुंबईच्या कोळ्यांत तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, असतो तसे हे आपले तांडेल, शिकवायचा पगार द्यावा त्यांना. नाहीतर क्लब होईल, गेट लागेल, गेटवर वॉचमन बसेल, आणि ज्यांच्या जमिनी या पाण्याखाली गेल्या त्यांच्याच नातवाला तो विचारेल की पास आहे का.

येत्या जानेवारीत मी परत जातेय, यावेळी भाची आणि तिच्या दोन मैत्रिणी पण आहेत. चष्म्याला दोरी घेतलीय, 60 रुपयांना.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर कात्री लावा, चष्म्याचं काढलंत तरी चालेल, पण जॅकेटचा पॅरा तेवढा ठेवा.

आपली नियमित वाचक,
इंदिरानगर, नाशिक