आधी दिग्दर्शकाची चौकट पूर्ण दाखवा

संपादक महोदय,

दिग्दर्शक हाच चित्रपटाचा खरा लेखक का, यावर आपल्या रविवार पुरवणीत चाललेली चर्चा वाचली. जानेवारी १९५४ मध्ये फ्रेंच समीक्षक फ्रान्स्वा त्रुफोने ‘काहिए द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकात लिहिलेल्या लेखापासून हे मत गाजले. पण त्या मासिकातल्या समीक्षकांनी दिग्दर्शकाची सही शोधली कुठे? हॉलिवूडमध्ये पटकथा बहुतेक वेळा स्टुडिओच हातात ठेवत. म्हणून त्यांनी पाहिले ते कॅमेऱ्याची उंची, चौकटीत कोण कुठे उभे आहे आणि दृश्य कुठे तोडले आहे. नेमकी हीच चौकट आपल्या मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत आणि चित्रपट मंडळांत सर्रास कापून नाही तर ताणून दाखवली जाते. मग चर्चासत्र कितीही रंगो, ते अर्ध्या पानावर चालते.

हिशेब साधा आहे. त्या काळच्या बहुतेक चित्रपटांची चौकट १.३७ : १ (रुंदी : उंची), म्हणजे जवळजवळ चौरस. आजचा पडदा १६ : ९. पडदा भरावा म्हणून प्रोजेक्टरवर ‘झूम’ केले, म्हणजे चित्र मोठे केले, की वरखालचे मिळून सुमारे २३ टक्के चित्र जाते. ‘वाइड’ केले, म्हणजे आडवे ताणले, तर काही कापले जात नाही, पण माणसे ३० टक्के रुंद होतात. ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) घ्या. जपानी दिग्दर्शक ओझूचा कॅमेरा मांडी घालून बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही खाली असतो, आणि ओझू शेवटपर्यंत रुंद पडद्याकडे वळलाच नाही. त्याची चटई आणि चहाची भांडी कापली, तर त्याचे म्हणून काय उरले? ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) खालून घेतलेल्या दृश्यांत मुद्दाम छत दिसते, झूममध्ये पहिला बळी त्या छताचा. (याच चित्रपटाच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शक ऑर्सन वेल्सने आपले नाव छायाचित्रकार ग्रेग टोलंडसोबत एकाच पाटीवर घातले. ‘एकच लेखक’ म्हणणाऱ्यांनी ती पाटी जरूर पाहावी.)

‘कागज के फूल’ची (१९५९) गत उलटी. हा आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप (थोडक्यात ‘स्कोप’), म्हणजे फार रुंद चौकटीचा चित्रपट. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी आरशांनी ऊन परावर्तित करून स्टुडिओत तो गाजलेला प्रकाशाचा झोत पाडला. गुरुदत्त माणसांना चौकटीच्या कडेला ठेवतात आणि मधली पोकळी बोलू देतात. जुन्या टीव्हीच्या मापात कापलेल्या प्रतीत ४० टक्क्यांहून अधिक रुंदी जाते आणि ती पोकळीच नाहीशी होते. ‘साहिब बीबी और गुलाम’वर (१९६२) दिग्दर्शक म्हणून अबरार अल्वींचे नाव आहे, तरी लोकांना त्यात गुरुदत्तच दिसतात. असा वाद डोळ्यांनीच सोडवायचा असतो. डोळ्यांसमोर चित्र अर्धे असेल तर उरते ती केवळ ऐकीव माहिती.

पूर्वी टॉकीजचा ऑपरेटर स्कोप चित्रपट आला की लेन्स आणि गेटमधली (चौकटीचे माप ठरवणारी) प्लेट दोन्ही बदलायचा. आता एक बटण दाबायचे, तेही कुणी दाबत नाही. प्रोजेक्टरच्या मेनूत अॅस्पेक्ट (चित्राचे प्रमाण) ‘ऑटो’ किंवा ‘ओरिजिनल’ ठेवा. लॅपटॉपवर चित्रपट लावायचे व्हीएलसी हे सॉफ्टवेअर असेल तर ‘ए’ने चित्राचे प्रमाण बदलते आणि ‘सी’ने कापणी, दोन्ही ‘डिफॉल्ट’वर आणा. १० फूट रुंद १६ : ९ पडद्यावर जुना चित्रपट ७.७ फुटांतच बसला पाहिजे, दोन्ही बाजूंना सव्वा फुटाच्या आत काळी पट्टी. ती पट्टी प्रोजेक्टरच्या उजेडाने राखाडी दिसते आणि डोळ्यांना खुपते, म्हणून तिथे काळे कापड लावावे. प्रेक्षक ‘पडदा भरा की’ म्हणून ओरडतील, ओरडू द्यावे. स्कोप चित्रपट त्याच पडद्यावर सव्वाचार फूट उंचीचा येईल. तपासायला गाडीचे चाक किंवा भिंतीवरचे घड्याळ असलेले दृश्य लावा. ते अंडाकृती दिसले की कुठेतरी ताण आहे.

टीव्ही वापरत असाल तर ‘मोशन स्मूदिंग’ (मधल्या चौकटी टीव्हीनेच भरण्याची सोय) बंद करा, नाहीतर सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. पाल या टीव्ही प्रक्षेपण पद्धतीच्या जुन्या डीव्हीडीवर तोच चित्रपट २५ चौकटींच्या गतीने धावतो. १०० मिनिटांचा ९६ मिनिटांत संपतो आणि गाण्याची पट्टीही किंचित चढते. या जुन्या चित्रपटांचा मूळ आवाज मोनो, म्हणजे एकाच वाटेने येणारा आहे, तेव्हा चहूबाजूंनी घुमवणारा ‘सराउंड’ नको. शांतारामबापूंनी ‘कुंकू’त (१९३७) पार्श्वसंगीत टाळून नुसते प्रसंगातले आवाज वापरले, तिथे घुमणारा सभागृही आवाज सगळे वाटोळे करतो.

रंगवलेल्या आवृत्त्या चर्चेसाठी मुळीच घेऊ नयेत. ‘हम दोनो’ (१९६१) २०११ मध्ये रंगीत झाला आणि स्कोपच्या मापातही बसवला गेला. त्यातली चौकट कुणाची म्हणायची?

आपल्या मराठीत तर हा प्रश्न आणखी अवघड आहे. ‘संत तुकाराम’ला (१९३६) दामले आणि फत्तेलाल असे दोन दिग्दर्शक आहेत. राजा परांजपे यांच्या चित्रपटांतून गदिमांची लेखणी आणि सुधीर फडके यांची चाल वजा केली तर काय शिल्लक राहते, हे ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) आवाज बंद करून दहा मिनिटे पाहिल्यास बरेचसे कळेल. मात्र त्या दहा मिनिटांतही झूम नको.

– चित्रपट मंडळाचे काही कार्यकर्ते, परभणी