ओपन स्पेसवर पक्ष्यांसाठी देशी झाडं लावतोय, हातभार लावा

मंडळी नमस्कार,

आपल्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर सध्या काय आहे ते सगळ्यांना माहीतच आहे, काँग्रेस गवत, घाणेरी आणि कोपऱ्यात कुणीतरी आणून टाकलेला बांधकामाचा राडा. मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलंय की यंदा मृगाचा पाऊस चांगला झाला की तिथं पक्ष्यांसाठी देशी झाडं लावायची. लॉन नाही, कारंजं नाही, सेल्फी पॉइंट तर अजिबातच नाही.

पक्षी बघायला आपण रंकाळ्यावर जातो, विद्यापीठात जाऊन मोर बघून येतो, पण आपल्या दारात यायला त्यांना इथं काहीतरी खायला मिळायला पाहिजे की. गच्चीवर तांदूळ टाकून नुसती कबुतरं वाढतात. चिमणी दाणे खाते खरी पण तिच्या पिल्लांना आधी अळ्या-किडेच लागतात, फुलातला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिल्लांना कोळी आणि बारके किडेच भरवतो, आणि या अळ्यांना बहुतेक करून इथल्याच झाडांची पानं चालतात, बाहेरनं आलेल्या शोभेच्या झाडांवर त्यांचं फारसं भागत नाही. परसातला कढीपत्ता जवळ जाऊन बघा, पानावर पक्षी शिटल्यासारखं काहीतरी दिसेल, ती फुलपाखराची अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते आणि तेवढ्यात एखादा शिंपी पक्षी नाहीतर बुलबुल येऊन तिला उचलतो. म्हणून काकू, वहिनी, विनंती आहे, कढीपत्त्यावर औषध मारू नका, चार पानं खाल्ली तर खाऊदेत.

काटेसावर, पळस, पांगारा लावणार आहोत. उन्हाळ्याच्या तोंडाला अंगावर पान नसताना ही झाडं लालभडक फुलतात, आणि मग साळुंक्या, कोतवाल, शिंजीर आणि थंडीतनं आलेल्या पळसमैना सगळ्यांची पंगत बसते. उंबर तर पाहिजेच, त्याला वर्षातनं बऱ्याचदा फळं येतात, त्यावर तांबट, कोकीळ, नशिबात असेल तर आपला राज्यपक्षी हरियालसुद्धा येईल. मुळं भिंतीत जातात म्हणून तो मधोमधच लावायचा, आणि नरसोबाच्या वाडीला जाणाऱ्यांना औदुंबराचं महत्त्व मी काय सांगायचं. कडेनं कुंपणासारखी करवंद, धायटी, अडुळसा, मुरुडशेंग. बहावा एखादाच, दिसायला नाद खुळा पण त्यावर भुंगे-मधमाश्यांचंच काम जास्त.

कुणाला रोपं द्यायची असली तर गुलमोहर, निलगिरी, सुबाभूळ, कोनोकार्पस कृपा करून नको. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, पक्ष्यांना त्यात खायला फार काही नाही आणि वळवाच्या पावसात पहिली फांदी त्याचीच मोडते. आणखी एक, राधानगरी-दाजीपूरला फिरायला गेला म्हणून तिथनं रोपं उपटून आणू नका, ते अभयारण्य आहे, रोपं सरकारी रोपवाटिकेत स्वस्तात मिळतात.

आता खरं काम पैशाचं. रोप फारसं महाग नाहीच, खर्च आहे तो ट्री गार्डचा, शेणखताचा आणि सगळ्यात जास्त पाण्याचा. जूनमध्ये झाड लावायला सगळे येतात, फोटो होतात, एप्रिलमध्ये बादली घेऊन कोण दिसत नाही आणि रोप पहिल्याच उन्हाळ्यात जळून जातं. म्हणून गोळा होणाऱ्या वर्गणीतला निम्म्याहून जास्त भाग पहिल्या दोन उन्हाळ्यांच्या टँकरसाठी बाजूला ठेवायचं ठरलंय, त्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही, गणपतीत तर नाहीच. घरटी ५०० रुपये दिले तर बरं, जमणार नसेल त्यांनी कमी द्या, चालतंय की. ज्यांच्या दारात बोअर आहे त्यांनी आठवड्यातनं एकदा पाईप जोडू दिला तर ती वर्गणीपेक्षा मोठी मदत. पावती मंडळाच्या ऑफिसात मिळेल, तिथंच क्यूआर कोड लावलाय आणि हिशोब दर महिन्याला बोर्डावर लागेल.

मे महिन्यात दर रविवारी सकाळी ७ वाजता खड्डे काढायचेत, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. तालमीतल्या पोरांनी यावंच, आजोबा मंडळींनी नुसतं सावलीत बसून सूचना केल्या तरी चालतील. टिकाव, खोरं, घमेलं घरात असेल ते आणा, नावाची चिठ्ठी चिकटवून आणा म्हणजे नंतर भांडणं नकोत. मिसळ मंडळाकडून.