शपथ घेण्याआधी

ती. आई आणि अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडेपर्यंत हे सांगायचं नाही, असं ठरवलं होतं. आता तिला नवा चष्मा आलाय, पत्र ती स्वतः वाचेल, म्हणून लिहिते. मी अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. मुलाखत झाली, परीक्षाही पास झाले. पुढच्या महिन्यात बॉस्टनच्या फॅन्यूइल हॉलमध्ये शपथ आहे.

अण्णा, पत्र बाजूला ठेवू नका. पुढचं वाचा.

तुमच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मी आले होते, तेव्हा तुमच्या उशाशी बसूनही मनात परतीच्या तारखेचाच हिशेब चालायचा. ग्रीन कार्डवाल्यानं फार काळ बाहेर काढला तर परतताना विमानतळावर खोदून खोदून विचारतात, आणि वर्षाच्या वर गेलं की कार्डच धोक्यात येतं. नागरिक झाले की ही काळजी संपली. ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड, काढलं की दर वेळी व्हिसा नको, आणि तासगावला हवं तितकं राहता येईल. तुमच्यापासून लांब जायला म्हणून नाही, तुमच्याजवळ जास्त राहता यावं म्हणून हे करतेय. आई, हे वाक्य अण्णांना दोनदा वाचून दाखव.

दुसरं कारण अण्णांना पटेल. इतकी वर्षं इथे कर भरते, मुलं इथल्या शाळेत जातात, आणि शाळेच्या समितीवर कोण बसणार हे ठरवताना मला मत नाही. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, ही अमेरिकन क्रांतीची घोषणा नववीच्या वर्गात फळ्यावर मोठ्या अक्षरांत तुम्हीच लिहायचात. मी पहिल्या बाकावर बसायचे आणि वर्गात तुम्हाला ‘सर’ म्हणायचे, तेव्हा पोटात कसंतरी व्हायचं. घरी आल्यावर दहा वेळा अण्णा, अण्णा म्हणून भरपाई करायचे.

परीक्षेचा अभ्यास करताना तुमचाच आवाज ऐकू यायचा. 16 डिसेंबर 1773 च्या रात्री इंग्रजांच्या करावर चिडलेल्या इथल्या लोकांनी बॉस्टनच्या बंदरात चहाच्या 342 पेट्या फोडून पाण्यात टाकल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, आणि पुढे राघोबादादा ज्या इंग्रजांच्या आश्रयाला गेले तेही याच कंपनीचे. तुम्ही हे दोन धडे वेगवेगळ्या महिन्यांत शिकवायचात. मला इथे बंदरावर उभं राहिल्यावर ते एकाच धड्यात दिसले. आणि तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस! 19 ऑक्टोबर 1781 ला यॉर्कटाऊनला त्याची फौज अमेरिकेच्या वॉशिंग्टनसमोर शरण आली, आजारी असल्याचं सांगून तो स्वतः तलवार द्यायलाही गेला नाही. पाच वर्षांनी तोच आपल्याकडे गव्हर्नर जनरल. 1792 ला श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध तो लढला तेव्हा हरिपंत फडके आणि आपले परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बाजूनं होते. ज्यांनी आपलं गणपतीचं देऊळ बांधलं ते भाऊ. म्हणजे हा इतिहास मला परका नाही, अण्णा. तुमच्याच घरातून निघून मी त्याच्या दुसऱ्या टोकाला आलेय.

एक गोष्ट मात्र सारखी मनात घोळते, ती तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम. विजेचा तो पतंगाचा प्रयोग झाला तेव्हा बापाबरोबर होता तो हा मुलगा. पुढे तो न्यू जर्सीचा राजानं नेमलेला गव्हर्नर झाला. क्रांती सुरू झाली तेव्हा बाप स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांत, आणि मुलगा राजाशी इमान राखणाऱ्यांत. 1776 ला क्रांतिकारकांनी विल्यमला पकडलं, कनेटिकटमध्ये तुरुंगात ठेवलं. तो आत असताना न्यूयॉर्कमध्ये त्याची बायको वारली. युद्ध संपल्यावर, 1784 मध्ये, विल्यमनं समेटासाठी वडिलांना पत्र लिहिलं. म्हातारपणी एकुलता मुलगा सोडून गेला याइतकं दुःख कशाचंच झालं नाही, असं फ्रँकलिननं उत्तर दिलं. 1785 ला साउदम्प्टनला एकदा भेटले, तीही कोरडी, व्यवहाराची भेट. मृत्युपत्रात मुलाला जवळजवळ काही ठेवलं नाही.

इतका थोर माणूस, दोन देशांचा तह घडवून आणला, आणि आपल्या मुलाला माफ करणं जमलं नाही. मला दोघांचीही दया येते. तुम्ही तसे नाही आहात, हे मला माहीत आहे. माझ्या आंतरजातीय लग्नाच्या वेळी आईच्या आधी तुम्हीच दारात उभे राहिला होतात, ते मी विसरलेले नाही.

शपथेत इतर देशांवरची निष्ठा सोडण्याचं वाक्य आहे. ते वाचताना आजोबा डोळ्यांसमोर आले. पत्री सरकारातले त्यांचे दिवस, त्यांची ती जाड चादर, सगळं. पण ती निष्ठा कागदावरची. भाषा, देव, तुमची शिकवण यांबद्दल त्यात एक शब्दही नाही. आणि हा देश निर्दोष आहे असं मानून मी शपथ घेत नाही. फॅन्यूइल हॉल ज्याच्या नावाचा, तो व्यापारी गुलामांच्या व्यापारात होता. पण याच मॅसॅच्युसेट्समध्ये 1781 ला एलिझाबेथ फ्रीमन नावाची गुलाम बाई कोर्टात गेली. राज्यघटनेत सगळे जन्मतः स्वतंत्र आणि समान असं लिहिलंय, मग मी का नाही, असं तिचं म्हणणं होतं. ती जिंकली. मला शपथ घ्यावीशी वाटते ती तिच्यामुळे.

आता ऐका, आणि टाळू नका.

बाथरूममध्ये धरायला दांडा आणि खाली रबरी चटई या आठवड्यात बसवून घ्या, भाऊला पैसे पाठवलेत. अण्णांनी रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. आई, साखर वाढतेय तुझी. द्राक्षं घरची असली म्हणून बेदाणे मूठमूठ खायचे नसतात. डोळ्यांत थेंब घालताना आधी हात धू. पोळ्यांच्या मावशींना सुट्टी देऊन स्वतः लाटत बसू नकोस, तुझे गुडघे त्यांच्या पगारापेक्षा महाग आहेत. मळ्यातला माझा वाटा भाऊच्या नावावर करा, हे मी आधीपासूनच म्हणतेय, नागरिकत्वाशी त्याचा संबंध जोडू नका.

इकडे कायमचं या असं मी म्हणणार नाही, अण्णांना आमच्या क्विन्सी गावाची थंडी सोसायची नाही. पण अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स आणि त्यांची बायको अॅबिगेल यांचं घर आमच्यापासून जवळ आहे. उन्हाळ्यात दोन महिने आलात तर तिथे तुम्ही नातवंडांना शिकवा. ती मला विचारतात आणि मला तुमच्यासारखं सांगता येत नाही.

मी मात्र आपल्या गणपतीच्या रथाला येतेय. ऋषीपंचमीच्या आधी पोचेन आणि दिवाळी करूनच निघेन. वरची खोली झाडायला तुम्ही जिना चढू नका, आल्यावर मी झाडीन.

रविवारी सकाळी फोन करते. अण्णा, रागावला असाल तर फोनवर रागवा, पण फोन घ्या.

तुमची,
चिमी