खुर्ची दिली, पण ती घरात शिरणार कशी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची सवय नाही, काही चुकलं तर दुरुस्त करून घ्या.

दोन वर्षांपूर्वी आईला लकवा मारला, उजवी बाजू पूर्ण गेली. आयुष्यभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळलेली बाई, एक दिवस पण हात रिकामा ठेवायची नाही, ती एकदम कॉटवर. दवाखाना झाला, फिजिओ झालं, मग सर्टिफिकेट, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड, सगळ्या चकरा मारून शेवटी एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली. हार, नारळ, पाहुण्यांसोबत फोटो सगळं झालं. खुर्ची चांगलीय, त्याबद्दल तक्रार नाही. रिक्षात कशीबशी कोंबून घरी आणली आणि दारात आल्यावर कळलं की ही आत जातच नाही.

आमचं घर सोलापुरात पूर्व भागात, जुनं, बोळातलं. जोतं एक फूट वर, दोन पायऱ्या, त्यावर उंबरा. खुर्ची बाहेरून 26 इंच रुंद आणि संडासचं दार 24 इंच. त्यात घरात शिरल्या शिरल्या पाण्याची पिंपं, कारण आपल्याकडं नळाला पाणी किती दिवसाआड येतंय ते सोलापूरकरांना मी काय सांगू, पिंपं हलवली तर पाणी कशात भरायचं आणि नाही हलवली तर खुर्ची कुठून न्यायची. पहिले चार महिने त्या खुर्चीवर आमच्याकडं फक्त गोधड्या वाळल्या. आईला संडासला मी आणि बायको उचलून न्यायचो, मी कामावर असलो की बायको एकटी, तिची कंबर गेली ती गेलीच. आणि आई तर दुपारी पाणीच प्यायची नाही, कशाला उगं उठवायचं म्हणून.

मग मिस्त्रीला बोलावून उतार करून घेतला. त्यानं चार फुटात उतरवला! रिकामी खुर्ची सोडून बघितली तर थेट समोरच्यांच्या स्कूटीला जाऊन धडकली. माझा भाचा इंग्लंडला नोकरीला आहे, त्यानं फोनवर सांगितलं मामा, एक फूट उंचीला बारा फूट लांब उतार लागतो. आपल्या इथल्या सरकारी नियमात पण तेच माप आहे म्हणे, एकास बारा, पण ते ऑफिस-इमारतींसाठी, आमच्या बोळात ते कोण सांगायला येणार. शेवटी पहिला फोडला आणि भिंतीलगत सहा फूट, मधे वळायला सपाट जागा, परत सहा फूट असा नवा बांधला. संडासची चौकट काढून मोठी केली, कमोड बसवला, धरायला दोन दांड्या. सगळे मिळून 41 हजार गेले, त्यात पहिल्या घसरगुंडीचे सात हजार निव्वळ पाण्यात. भिशी आधी उचलली, उरलेले पतसंस्थेतून काढले.

याला काही मदत मिळती का म्हणून एका ऑफिसात गेलो तर उत्तर मिळालं, "घर फोडायला नसतंय ओ पैसे, तीनचाकी सायकल पाहिजे तर फॉर्म भरा." आता लकवा मारलेली बाई तीनचाकी हातानं चालवणार कशी हे विचारायचं राहून गेलं.

घरी येऊन मोबाईलवर 2016 चा दिव्यांग कायदा वाचत बसलो. पेन्शन, साहित्य, बेकारी भत्ता, सांभाळणाऱ्यासाठी भत्ता, यांचा उल्लेख आहे. सरकारी घरकुल योजनांमध्ये 5 टक्के आरक्षण पण आहे. ते चांगलंच, पण त्यांनी धरलंय की माणूस आधी अपंग होतो आणि मग घर मागायला येतो. आमच्यासारख्यांचं उलटं असतं ना. घर आधीच असतंय, त्यात तीस वर्षं गेलेली असतात आणि मग एक दिवस लकवा मारतो, शुगरनं पाय काढावा लागतो, नाहीतर ॲक्सिडेंट होतो. सोलापूरजवळ कुंभारीला रे नगरचा 30 हजार घरांचा प्रकल्प झाला, जानेवारी 2024 मध्ये त्यातल्या 15 हजार घरांचा ताबा पंतप्रधानांच्या हस्ते दिला, विडी आणि यंत्रमाग कामगारांना हक्काचं छप्पर मिळालं, आम्हाला अभिमानच आहे. पण उद्या तिथं वरच्या मजल्यावरच्या कुणाचे पाय गेले तर ते आरक्षण त्याच्या काय कामाचं?

भाच्यानं सांगितलं तिकडं इंग्लंडमध्ये घरात असले बदल करायला कौन्सिल ग्रँट देतं, जास्तीत जास्त 30 हजार पौंड, म्हणजे आपले तीस लाखाच्या वर. मोठ्या माणसाचं उत्पन्न बघून ठरवतात, लहान मुलासाठी असेल तर आईबापाचं उत्पन्न बघत नाहीत. भाडेकरू पण अर्ज करू शकतो, आणि अर्ज आला की सहा महिन्यात हो किंवा नाही सांगावंच लागतं. मला त्या तीस लाखाचं काही नाही वाटलं, तो देशच वेगळा आहे. पण तिथं पैसे देण्याआधी जाणकार माणूस घरी येऊन बघतो, उतार कुठं, दांडी किती उंचीवर, दार किती रुंद, हे ऐकून मला माझे सात हजार आठवले.

आपल्याकडं महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत सगळ्यांना स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचेत. राज्य सरकारात डिसेंबर 2022 पासून दिव्यांगांसाठी वेगळा विभागच आहे. मग याच निधीतून घरदुरुस्तीचं एक स्वतंत्र अनुदान ठेवा, तीस-चाळीस हजार म्हटलं तरी आमच्यासारख्याचं काम होतंय. भाड्यानं राहणाऱ्याला पण द्या, घरमालकाचं संमतीपत्र घ्या पाहिजे तर. आणि खुर्ची वाटायच्या आधी कुणीतरी टेप घेऊन घरी या की हो, दार मोजायला पाच मिनिटं लागतात.

आई आता संध्याकाळी दारापर्यंत येऊन बसते, डाव्या हातानं लसूण निवडते. परवा मागच्या बोळातला एकजण आमचा उतार मोजायला आला होता, त्याच्या वडलांचा पाय काढलाय. सगळी मापं घेतली, वहीत लिहून घेतली, मग खर्च विचारला आणि वही मिटून गेला.

आपला,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर