दोन्ही चिठ्ठ्या एकाच पेटीत

महोदय,

निकाल लागले की आपल्याकडे 'अमुक जिंकला असता तर' हा खेळ आठवडाभर रंगतो, आणि तो बहुधा पंतप्रधानांच्या खुर्चीभोवतीच फिरतो. आमच्या घरातलं जर-तर एका खासदारकीचं आणि काही गुंठ्यांचं आहे.

जानेवारी १९५२, देशाची पहिली लोकसभा निवडणूक. आम्ही परळच्या चाळीत, मी चार वर्षांची. उत्तर मुंबई शहर हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. म्हणून प्रत्येकाला दोन मतपत्रिका. शिक्का मारायचा नव्हता. चिन्ह बघायचं आणि त्या उमेदवाराच्या पेटीत चिठ्ठी टाकायची. वडील गिरणीत, लाल बावट्याचे. त्यांनी आईला बजावलं, दोन्ही कणीस-विळ्यातच, म्हणजे कम्युनिस्टांच्या पेटीत टाक. तिने टाकल्या. पण एका उमेदवाराला एकच मत चालायचं, दुसरं बाद.

राखीव जागेवर काँग्रेसचे काजरोळकर १४,५६१ मतांनी निवडून आले. पडले डॉ. आंबेडकर; त्यांचं चिन्ह हत्ती. त्या मतदारसंघात ७४ हजारांवर मतं बाद झाली होती. तिथले कम्युनिस्ट उमेदवार कॉम्रेड डांगे यांच्या बाजूने 'मतं कुजवा', म्हणजे दुसरं मत मुद्दाम वाया घालवा, असा प्रचार झाल्याचा आरोप करत आंबेडकर आणि समाजवादी उमेदवार अशोक मेहता यांनी निकालाविरुद्ध निवडणूक याचिका केली; ती फेटाळली गेली. खरं-खोटं मी काय सांगणार? आमच्या घरातलं एक मत कुजलं, एवढं मला माहीत आहे.

बाबासाहेबांनी चारच महिने आधी कायदामंत्रिपद सोडलं होतं, हिंदूंच्या लग्न-वारशाचे नियम बदलणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून. त्यांच्या मसुद्यात मुलीला मुलाइतकाच वाटा होता आणि जन्मतःच मुलग्याला हक्क देणारी एकत्र कुटुंबाची मालकी मोडीत निघणार होती. १९५६ चा वारसा कायदा आला तेव्हा ती मालकी शाबूत राहिली. ते निवडून आले असते तर हे कलम बदललं असतं का? काँग्रेसचे लोकसभेत ३६४ जण होते, आणि बाबासाहेब राज्यसभेत तर गेलेच की. तेव्हा छातीठोकपणे 'हो' म्हणणं हा भाबडेपणा होईल. तरी गिरणगावाने निवडून दिलेला माणूस विरोधी बाकावरून कलम-कलम लढवतोय, हे सरकारला इतकं सहज पचलं नसतं, असं माझं मत आहे. चुकीचं असेल तर असो.

आता गुंठे. वडील १९८८ मध्ये गेले. रत्नागिरीकडे वडिलोपार्जित बत्तीस गुंठे. वाटप १९९१ मध्ये नोंदवलं. दोघा भावांना दहा-दहा, आईला दहा आणि मला दोन. वकिलाने कागदावर मांडून दाखवलं: आधी वडील, आई, दोन मुलगे असे चार भाग, मग वडिलांच्या आठ गुंठ्यांचे पुन्हा चार, त्यात मी. बाबासाहेबांच्या मसुद्याने चौघांना आठ-आठ आले असते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. माझं लग्न १९७२ चं. केंद्राने २००५ मध्ये दिला, तोवर आमचं वाटप नोंदवून झालेलं. (हक्कसोडपत्रावर सही मात्र मी केली नाही. भाऊ त्यावरून दोन वर्षं बोलत नव्हता.)

वाटप झालं ते १९९१ हे बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. पेपरात बावन्नच्या निवडणुकीवर आलेला लेख मी आईला वाचून दाखवला, आणि तिची दुसरी चिठ्ठी कुठे गेली ते तिला तेव्हा कळलं. ती गहू निवडत होती. हात थांबला. म्हणाली, "हत्तीची पेटी बाजूलाच होती गं. दुसरी चिठ्ठी मी तिच्यावर टेकवली होती. मग ह्यांचं आठवलं."

— एक वाचक, परळ, मुंबई